सोंग, सोंगटी आणि संशय

'खेळ' हा मराठीतील मोठा ऐसपैस शब्द आहे. आट्यापाट्या हा खेळ, सारीपाटाचा डाव हाही खेळ. देवळासमोर दशावतारी मंडळी रात्रभर रंगवितात तोही खेळच. रत्नागिरीकडे शिमग्याच्या दिवसांत सोंगे घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांना तर 'खेळे' हेच नाव आहे. पटावर डाव लढविणे आणि अंगावर सोंग चढविणे या दोन क्रिया आपल्या भाषेने फार पूर्वीच एका शब्दात नांदविल्या. १९७४ साली अमेरिकेत या दोन क्रिया एका पेटीत बंद होऊन विक्रीस आल्या, तेव्हा इंग्रजीला त्यांच्यासाठी पुढे 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' असे लांबलचक जोडनाव घडवावे लागले. मराठीत त्याला भूमिकाखेळ म्हणता येईल. या खेळाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी गेल्या पन्नास वर्षांत कशी पालटत गेली, ते येथे पाहावयाचे आहे. आणि ते पाहताना आपल्याकडच्या सोंगट्यांची व सोंगांची आठवण जागी ठेवावयाची आहे, कारण हा खेळ आता आपल्या माणसांच्या घरांत येऊन बसला आहे.

ही घरे पुण्या-मुंबईत आहेत तशीच बंगळूरातही आहेत. शहराच्या पूर्वेस जुन्या विमानतळाचा रस्ता आणि बाह्य वर्तुळमार्ग एकमेकांना छेदतात तेथे मारतहळ्ळी आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या 'मरुत' विमानाशी या नावाची सांगड घालणारी लोकव्युत्पत्ती तेथे ऐकू येते. मराठी कानाला मात्र त्यात 'मराठा' ऐकण्याचा मोह होतो, आणि शहाजीराजांची जहागीर याच प्रांतात होती हे आठवले की तो मोह वाढतो. संगणक-उद्योगाच्या भरतीबरोबर नाशिक, नागपूर, बेळगाव, कोल्हापूर येथून आलेली मुलेमुली या परिसरातील भाड्याच्या सदनिकांत राहतात. शहरात बोर्डगेम खेळण्यासाठीच काढलेली कॅफे आहेत. पण भूमिकाखेळाला कॅफेही लागत नाही. चारपाच माणसे, कागद, पेन्सिली, फासे आणि रिकामी संध्याकाळ एवढे पुरते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. खेळणाऱ्यांपैकी एकजण सूत्रधार होतो. या खेळाच्या मूळ परिभाषेत तो 'डन्जन मास्टर'. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. त्या पात्राचे नाव, कुळ, शस्त्र, बळ, बुद्धी, चापल्य हे सारे आकड्यांसह एका कागदावर लिहिलेले असते. सूत्रधार म्हणतो, तुम्ही पडक्या देवळाच्या दाराशी उभे आहात, आत कोणीतरी श्वास घेत आहे. आता काय कराल? खेळाडू आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो. जे करू म्हटले ते साधेल की फसेल याविषयी शंका असेल तेव्हा वीस पैलूंचा फासा पडतो. येथे कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. गोष्ट पुढच्या आठवड्यावर जाते, कधी वर्षानुवर्षे चालते. पैसा नाही, पैज नाही. पाहणाऱ्याला दिसतात ती टेबलाभोवती बसून बोलणारी माणसे, आणि नेमकी ही अदृश्यता पुढे संशयाला कारण झाली.

खेळाचा वंशवृक्ष आपल्या परिचयाचा आहे. भारतातील चतुरंग इराणमार्गे युरोपात गेले व तेथे बुद्धिबळाच्या आजच्या रूपाला पोहोचले. १७८० मध्ये ब्राउनश्वाइग येथील हेलविग याने त्या पटाला डोंगर, नद्या आणि तोफा जोडून युद्धपट रचला. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याचा 'क्रीगश्पील' तेथील सैन्याच्या शिक्षणात आला. त्यात दोन्ही पक्षांच्या वर एक पंच बसत असे आणि फाशांच्या साहाय्याने लढाईचा निकाल देत असे. आजच्या सूत्रधाराचा हा पणजोबा म्हणावयास हरकत नाही. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून शिशाच्या शिपायांची लढाई दिवाणखान्यात आणली. तेथून साठ वर्षांनी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील हौशी युद्धखेळाडूंनी सैन्याऐवजी एकेकट्या माणसाची भूमिका घेण्यास सुरुवात केली. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स यांनी त्या प्रयोगांना नियमांत बांधले, आणि १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. गायगॅक्स विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवीत होते. पहिल्या हजार पेट्या हातांनीच भरल्या गेल्या. निरनिराळ्या पैलूंचे फासे शालेय साहित्याच्या यादीतून मागविलेले होते. ते मुलांना गणित शिकविण्यासाठी केलेले होते. पुढे ज्याच्यावर सैतानाचा हात असल्याचे सांगितले गेले त्या खेळाची जन्मकथा इतकी कनिष्ठ-मध्यमवर्गीय आहे.

पहिली चारपाच वर्षे या खेळाला समाजात प्रतिमा अशी नव्हतीच. विद्यापीठातील मुले खेळत, इतरांना पत्ता नसे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातून सोळा वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. वयाच्या मानाने फार पुढे गेलेला हुशार मुलगा होता तो. घरच्यांनी नेमलेल्या खाजगी गुप्तहेराला कळले की तो भूमिकाखेळ खेळतो, आणि विद्यापीठाच्या जमिनीखालील वाफेच्या नळांच्या बोगद्यांत मुले जातात. या दोन धाग्यांची त्याने गाठ मारली: मुलगा खेळ खरा मानून बोगद्यात हरवला असावा. वर्तमानपत्रांना याहून चांगले कथानक मिळणे शक्य नव्हते. महिनाभराने मुलगा शेकडो मैलांवर, लुईझियाना राज्यात सापडला. तो बोगद्यात गेला होता हे खरे, पण तो खेळायला गेला नव्हता. जीव द्यावा म्हणून गेला होता. एकाकीपणा, घरच्या अपेक्षांचा भार आणि खोल नैराश्य एवढी साधी, दुःखद आणि वृत्तमूल्यहीन कारणे होती. १९८० च्या ऑगस्टमध्ये त्याने आपले आयुष्य संपविले. १९८४ मध्ये त्याच गुप्तहेराने पुस्तक लिहिले आणि त्यात खेळाचा या घटनेशी संबंध नसल्याचे स्पष्ट केले. पण तोवर पाच वर्षे उलटली होती, आणि लोकांच्या मनात बोगदा पक्का झाला होता.

त्या पाच वर्षांत काय काय झाले? १९८१ मध्ये रोना जाफी यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी आली. खेळता खेळता भ्रमिष्ट होणारा तरुण हा तिचा नायक. १९८२ मध्ये तिचा दूरचित्रपट झाला आणि तो तरुण टॉम हँक्स यांनी रंगविला. त्याच वर्षी व्हर्जिनियातील पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. शाळेत खेळलेल्या भूमिकाखेळात त्याच्या पात्राला शाप देण्यात आला, हे त्याचे कारण अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी दावे लावले, ते टिकले नाहीत. मग १९८३ मध्ये त्यांनी या खेळाविरुद्ध संघटना उभारली. १९८४ मध्ये जॅक चिक यांच्या 'डार्क डन्जन्स' या धर्मप्रचारपर चित्रपुस्तिकेने खेळातून थेट चेटूक शिकविले जाते असे सांगितले. १९८५ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या प्रतिष्ठित दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायगॅक्स यांना आपल्या खेळाची बाजू मांडावी लागली. त्या दशकात अमेरिकेत पुनरुत्थित झालेला कडवा प्रॉटेस्टंट पंथभाव, पाळणाघरांतून सैतानपूजा चालते अशी पसरलेली हाकाटी आणि घरात एकटी पडू लागलेली मुले या सगळ्याच्या मध्ये हा खेळ सापडला. नियमपुस्तकांतील दैत्यांची चित्रे पुरावा म्हणून दाखविण्याजोगी होती, हे त्याचे आणखी दुर्दैव.

पुलिंग यांच्याविषयी तुच्छतेने लिहिण्याची पद्धत खेळाच्या चाहत्यांत आहे. ती मला मान्य नाही. मूल गेलेल्या आईला कारण हवे असते, आणि कारण जितके बाहेरचे तितके ते सोसावयास हलके. दोष द्यावयाचा तर तो त्यांच्या शोकाला पुरावा समजणाऱ्यांना द्यावा. १९९० मध्ये मायकल स्टॅकपोल यांनी त्यांचे दावे एकेक करून तपासले आणि त्यांतले फारसे काही उरले नाही. आत्महत्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही खेळ आणि मृत्यू यांत कार्यकारणाचा दुवा आढळला नाही. प्रकाशक कंपनीने मात्र १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दैत्यांची नावेच बदलून टाकली. राक्षस राहिले, त्यांना राक्षस म्हणणे तेवढे बंद झाले. ही तडजोड मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. लावणी राहते आणि तिचे 'सांस्कृतिक कार्यक्रम' होते, तशातलाच हा प्रकार.

या भयाचा एक विनोदी परिणाम नोंदवावयास हवा: बदनामीमुळे खेळाचा खप कमी न होता वाढला. १९७९ पूर्वी ज्याचे नाव ठाऊक नव्हते ते आता प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक झाले. १९८२ च्या 'ई. टी.' या चित्रपटाच्या आरंभीच थोरला भाऊ आणि त्याचे मित्र स्वयंपाकघरातील टेबलावर असाच एक खेळ खेळताना दिसतात, आणि धाकट्याला ते आपल्यात घेत नाहीत. म्हणजे एकाच वर्षी पडद्यावर दोन चित्रे होती. एकात खेळ वेड लावतो. दुसऱ्यात तो घरातल्या पावाइतका नेहमीचा आहे.

चित्र उलटण्यास आणखी वीस वर्षे लागली, आणि ते कोणत्याही युक्तिवादाने उलटले नाही. खेळणारी मुले मोठी झाली, एवढेच झाले. त्यांतले काही लेखक, काही संगणक-आज्ञावलीकार, काही शिक्षक झाले, आणि ज्यांच्या हाती कथा सांगण्याची साधने आली त्यांच्या आठवणींत हा खेळ होता. संगणकावरील खेळांनी पात्र, बळ, अनुभवाचे गुण ही परिभाषा सर्वांच्या तोंडी घातली. १९९७ मध्ये मूळ कंपनी विकली गेली, २००० मध्ये तिसरी आणि २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात व्यावसायिक नट तासन्‌तास हा खेळ खेळू लागले आणि लोक तो पाहू लागले. २०१६ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका आली. तिच्यातील मुले तळघरात हाच खेळ खेळतात, आणि २०२२ च्या भागांत तर ऐंशीच्या दशकातील सैतानभय हाच कथेचा विषय झाला. ज्या दूरचित्रवाणीने संशय पेरला तिनेच त्याची कापणी करून करमणूक म्हणून विकली.

तरीही संशय सर्वत्र एकदम गेला असे नाही. २००५ मध्ये इस्रायली वृत्तमाध्यमांत बातमी आली की तेथील सैन्य भूमिकाखेळ खेळणाऱ्या भरती-उमेदवारांना वास्तवाशी सैल नाते असणारे मानून कमी दर्जाचा सुरक्षा-परवाना देते. प्रशियाच्या सैन्याने ज्याच्या पूर्वजाला गौरविले त्याला दुसऱ्या सैन्याने धोकादायक ठरवावे, हे गमतीचे आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील सातव्या विभागीय अपील न्यायालयाने एका तुरुंगात घातलेली या खेळावरची बंदी ग्राह्य ठरविली. सूत्रधाराच्या अधीन राहण्याच्या सवयीतून कैद्यांच्या टोळ्या होऊ शकतील, हा तुरुंगाधिकाऱ्यांचा तर्क होता. कैद्याने स्वतः रचलेली ९६ पानांची हस्तलिखित कथा जप्त झाली होती. तुरुंग विस्कॉन्सिनमध्येच होता, म्हणजे खेळाच्या माहेरी.

आता आपल्याकडे वळू. भूमिकाखेळात दोन वस्तू आहेत, फासा आणि सोंग. आणि या दोहोंविषयी आपल्या समाजाची मते फार जुनी व वेगवेगळी आहेत. फाशाचे भय महाभारताने आपल्या रक्तात घातले. सभापर्वात फासे पडतात आणि राज्य जाते. पण त्याच ग्रंथात, तेराव्या वर्षी, विराटाच्या नगरीत पाचही भाऊ आणि द्रौपदी प्रत्येकी एक भूमिका घेतात. आणि द्यूताने ज्याचा नाश केला तो युधिष्ठिर स्वतः कोणती भूमिका निवडतो, तर कंक नावाच्या द्यूतनिपुण ब्राह्मणाची. फाशाने घालविलेले परत मिळविण्याचा मार्ग सोंगातून जातो. सोंग उघडे पडले तर पुन्हा बारा वर्षे वनवास, ही अट. विराटपर्व वाचताना व्यासांना या दोन वस्तूंचे नाते ठाऊक होते असे वाटत राहते.

लोकपरंपरेत हे नाते अधिकच उघड आहे. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, डाव हरतो, आणि हरल्याच्या पायी जेजुरी सोडून चंदनपुरीस बाणाईच्या वाड्यावर धनगराचा चाकर होऊन राहतो. देव सोंग घेऊन शेळ्यामेंढ्या राखतो, बोलणी खातो, प्रेमात पडतो. जागरणात ही कथा वाघ्या-मुरळी गातात तेव्हा पट, वनवास आणि वेषांतर यांचा एकच धागा होतो. हाच देव कर्नाटकात मैलार म्हणून पूजिला जातो. म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही मुलुखांच्या कुलदैवताने डाव हरून भूमिका स्वीकारली आहे, आणि त्याबद्दल त्याला भ्रमिष्ट म्हणण्याचे कोणा भक्ताच्या मनात आले नाही. अमेरिकेतील पाद्र्याने ज्याला पछाडलेपण म्हटले त्याला आपल्याकडे लीला हा शब्द तयार होता.

परंतु देवाला जी मुभा ती माणसाला नव्हती. सोंग घेणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा आपल्याकडे हलकीच राहिली. 'नाटकी', 'सोंगाड्या', 'बहुरूपी' हे शब्द आजही शिवीच्या अंगाने वापरले जातात. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणले तेव्हाही नाटकात जाणे म्हणजे वाया जाणे, ही समजूत घरोघर होती. १९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले. या दोन तारखांमध्ये नाटकाची जी प्रतिमा बदलली तिची तुलना भूमिकाखेळाच्या पन्नास वर्षांशी करता येईल. तेथेही खेळ तोच होता. प्रेक्षागृहात येऊन बसणारे बदलले.

भूमिकाखेळाचा आपल्याकडचा खरा सगोत्र मात्र संगीत नाटक नव्हे, दशावतार होय. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावतारी नटांना लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते. कोणी कोणता राजा, कोणी कोणता राक्षस हे ठरलेले असते. शब्द मात्र ज्याचे त्याने उभ्याउभ्या रचावयाचे. समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला तर आपल्या पात्राच्या स्वभावाला धरून तेथल्या तेथे उत्तर द्यावयाचे, आणि तरीही कथेला तिच्या मुक्कामी पोहोचवावयाचे. रंगमंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच वन. हे सारे जसेच्या तसे भूमिकाखेळाचे वर्णन आहे, फाशाचा अपवाद सोडला तर. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर पेटारा, अशी या नटांची थट्टा कोकणात होते. त्या थट्टेत दयाही आहे आणि शहाणपणही: सोंगाला पहाटेची मर्यादा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

फाशाच्या बाबतीत मर्यादा कायद्याने घातली. १८८७ चा मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा पुढे स्वतंत्र भारतातही चालू राहिला. कोणता खेळ जुगार आणि कोणता नव्हे, या वादातील महत्त्वाचा निकाल मुंबई आणि बंगळूर या दोन शहरांमधूनच निघाला, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. बंगळूरात छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातील शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा मुंबई राज्यात लोकप्रिय होती. तिच्यावर मुंबई सरकारने कर बसविला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ च्या निकालात न्यायालयाने जुगाराला व्यापार म्हणून संरक्षण नाकारले आणि कौशल्याचा खेळ वेगळा काढला. १९६७ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची, असा निर्णय झाला. तेव्हापासून आपल्याकडे कोणत्याही खेळाला एकच प्रश्न विचारला जातो: नशीब की कौशल्य? भूमिकाखेळ या काट्यावर बसतच नाही. फासा आहे, पण लावलेले काही नाही. कौशल्य आहे, पण जिंकणे नाही.

म्हणूनच हा खेळ भारतात आला तेव्हा त्याच्या वाट्याला सैतानही आला नाही आणि पोलीसही. त्याला भेटली ती आपली घरगुती तिसरी कसोटी: याचा उपयोग काय? मराठी मध्यमवर्गीय घरात खेळाला परवानगी मिळते ती शरीर सुधारते म्हणून, बुद्धी वाढते म्हणून, नाहीतर सुट्टी आहे म्हणून. 'नवा व्यापार'चा पट दरवर्षी मे महिन्यात उघडला जाई. त्यावर आठ वर्षांची मुले जमीनदार होत, भाडी उकळीत, धाकट्या बहिणीला दिवाळखोर करीत. आणि मूल या भूमिकेत कायमचे अडकेल अशी भीती कोणा आईबापांना वाटली नाही. हिशेब शिकते म्हणून उलट कौतुकच झाले. बुद्धिबळाला तर प्रश्नच नव्हता. पण पंचविशीतील, चांगल्या पगाराच्या मुलाने शनिवारची रात्र एका काल्पनिक बुटक्या लोहाराच्या नावाने बोलण्यात घालवावी, याला आमच्या हिशेबवहीत रकाना नाही. घरून दूरध्वनी आला की मुले 'मित्रांकडे आहे' एवढेच सांगतात.

आपण अमेरिकेसारखे घाबरलो नाही याचे श्रेय मात्र आपल्या शहाणपणाला देता येणार नाही. २०१७ च्या उत्तरार्धातील महिने आठवावेत. मुंबईत एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर 'ब्ल्यू व्हेल' या नावाच्या कोणत्याशा ऑनलाइन खेळाने त्याचा बळी घेतल्याच्या बातम्या पसरल्या. शाळांनी परिपत्रके काढली, पालकांनी मुलांचे भ्रमणध्वनी तपासले, केंद्र सरकारने संकेतस्थळांना दुवे काढून टाकण्यास सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनवर जागृतीचा कार्यक्रम करण्याची सूचना केली. देशभरात मुलांचे अनेक मृत्यू याच नावावर मांडले गेले. २०१८ च्या जानेवारीत सरकारने लोकसभेत सांगितले की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा सहभाग सिद्ध होऊ शकला नाही. ती बातमी आतल्या पानावर छोटी आली. 'ब्ल्यू व्हेल' हा पटावरचा खेळ नव्हता, आणि त्याला खेळ म्हणता येईल की नाही हेही संशयास्पद. परंतु घटनाक्रम १९७९ च्या मिशिगनचाच होता. मूल गेले, मोठ्यांना बोगदा सापडला, आणि त्या मुलाला आदल्या महिन्यात कोणी काय विचारले होते हा प्रश्न बाजूला पडला. चेटकाचे भय नसलेल्या, सुशिक्षित, वर्तमानपत्रे वाचणाऱ्या घरांतून हे घडले. भय दुसऱ्या धर्माचे असते तेव्हा ते हास्यास्पद दिसते. आपले असते तेव्हा त्याला काळजी म्हणतात.

आज मारतहळ्ळीसारख्या ठिकाणी भूमिकाखेळाची प्रतिमा तिसऱ्या वळणावर आहे. मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत भूमिका घेण्याचे अभ्यास पूर्वीपासून होतेच; आता या खेळाकडेही संघभावना वाढविण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. मानसोपचारात आणि शाळांत त्याचा वापर करणारे आहेत. उपयोगाचा रकाना सापडला आहे. संशयापेक्षा हे बरे, यात वाद नाही. पण हा गौरवही बाहेरूनच आलेला आहे हे विसरू नये. मोठ्यांना खेळ समजला म्हणून तो मान्य झाला असे नव्हे. लाभ दिसला म्हणून तो मान्य झाला.

मान्यता खेळाचे काय करू शकते याचे उदाहरण आपल्याकडे सावंतवाडीस आहे. लाखेचा लेप दिलेले, हाताने रंगविलेले गोल गंजिफे. दशावतारी गंजिफात दहा रंगांचे मिळून १२० पत्ते. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी एकोणिसाव्या शतकात गंजिफाचे किती गुंतागुंतीचे प्रकार रचले ते पाहिले म्हणजे हा खेळ एकेकाळी केवढा जिवंत होता याची कल्पना येते. छापील पत्त्यांनी तो मारला. गेल्या शतकाच्या सत्तरीत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात चितारी कलावंतांना आश्रय देऊन ही कला वाचविली, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. आज ते पत्ते संग्रहालयात आहेत, चौकटीत आहेत, भेटवस्तू म्हणून परदेशी जातात. त्यांना पूर्ण प्रतिष्ठा मिळाली आहे. फक्त ते कोणी पिसत नाही.

मारतहळ्ळीच्या टेबलावरचे पत्रे अजून त्या अवस्थेला आलेले नाहीत. तेथे खेळ इंग्रजीतच चालतो, कारण नियम इंग्रजीत आहेत आणि मंडळी चार राज्यांची आहेत. शूर सरदार, वृद्ध जादूगार, सराईत चोर हे सगळे प्रथम कार्यालयीन इंग्रजी बोलतात. पण खेळ तापला, फासा घरंगळत जाऊन एकावर थांबला, की प्रत्येकजण आपापल्या भाषेत कळवळतो. सूत्रधार बेळगावकडचा असेल तर खानावळवाल्या म्हातारीला तो कन्नडमिश्रित मराठीत बोलावयास लावतो आणि टेबलावरील इतरांना शब्द न कळताही म्हातारी कळते. युरोपीय मध्ययुगाच्या ठरीव साच्यातील गावे मग हळूहळू बदलू लागतात: वेशीवर मारुती येतो, यात्रा भरते, देव अंगात येतो. दशावतारात पौराणिक राजा मध्येच मालवणीत फटकारतो त्याची ही दूरची बहीण. या रचनेला साहित्य म्हणावे की नाही हा प्रश्न अभ्यासकांनी अजून हाती घेतलेला नाही. मौखिक परंपरेची व्याख्या करताना आपण नेहमी मागे पाहतो, शेजारच्या सदनिकेत पाहत नाही.

अडचण अशी की अभ्यासकाच्या हाती येण्याजोगे फार थोडे उरते. चार वर्षे चाललेली गोष्ट संपते तेव्हा तिचे पुस्तक होत नाही. नोकरी बदलली, कोणी पुण्याला परतला, कोणी परदेशी गेला, की टेबल मोडते. उरतो तो पात्राचा कागद. त्यावर सर्वांत वर शाईने लिहिलेले नाव असते, आणि खाली उरलेल्या प्राणशक्तीचा रकाना. तो आकडा दर आठवड्याला पेन्सिलीने लिहिला आणि खोडला गेलेला असतो, आणि तेवढ्या चौकोनात कागद पातळ होऊन फाटावयास आलेला असतो.